दोन्ही बाजूंनी सारखं ओझं

सामान कशात भरायचं हे माणूस कुठं जातो यावर ठरत नाही, कशात बसून जातो यावर ठरतं. एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही आणि मग ते रस्त्याच्या कडेला उभे राहून एकमेकांना शिव्या देतात.

एस.टी.नं जायचं असेल तर बॅग अशी पाहिजे की खिडकीतून आत फेकता आली पाहिजे. तिचा रंग, तिची चेन, तिचे कप्पे, हे सगळं नंतर. गाडी स्टँडवर लागायच्या आत जिची बॅग सीटवर पडली तिची सीट. टणक, चाकांच्या बॅगा घेऊन फिरणाऱ्या बाया दारातून चढतात आणि पुसदपर्यंत उभ्यानं जातात. काळीपिवळी जीपनं जायचं तर बॅग नकोच, पोतं पाहिजे. कारण ते टपावर टाकतात, त्याच्यावर एक माणूस बसतो आणि त्या माणसाच्या हातात कोंबडीही असू शकते. मोटरसायकलवर मागं बसून जायचं तर पोटाशी धरता येईल एवढंच न्यावं (पोटच मोठं असेल तर काहीच नेऊ नये). दवाखान्यात भरती व्हायचं असेल तर बादली. ताट, लोटा, साबण, चादर, सगळं तिच्यात बसतं आणि वर बादली म्हणूनही कामी येते. मयतीला मात्र हात हलवत जावं. बॅग घेऊन गेलं की घरच्यांना वाटतं, ही आता तेराव्यापर्यंत उठत नाही!

हे ज्ञान मला कुठून मिळालं म्हणाल तर शाळेतून नाही. शाळा माझी चौथीत सुटली. हे रक्तातलं आहे. आम्ही तांड्याची माणसं. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माझा सासरा सांगायचा, "बैलाच्या पाठीवर दोन गोण्या. डावीकडं जेवढं, तेवढंच उजवीकडं. एक बाजू जड झाली का पाठ सोलते. पाठ सोलली का बैल बसते. बैल बसला का तांडा बसते." सासऱ्यानं स्वतः आयुष्यात एकही बैल लादला नव्हता. तो ढाणकीच्या बाजारात बसून लोकांना सल्ले द्यायचा. पण सांगायचा असं, जसा कालच मीठ पोचवून आला. मी ते ऐकलं आणि धरून बसले. बाजारातून येताना दोन्ही हातांत सारख्या पिशव्या. एकीकडं वांगी जास्त झाली तर दुसरीकडं दगड टाकायचा, पण तोल सोडायचा नाही!

आता मुद्द्यावर येते. माझ्या नातवाची सोयरीक ठरत होती.

नातू आकाश. यवतमाळला नर्सिंगचं शिकला आणि तिथंच दवाखान्यात लागला. शिकताना त्याच्या वर्गात कोमल नावाची मुलगी होती, बाभुळगावजवळच्या तांड्यातली. दोघांनी आपसात ठरवून टाकलं आणि आम्हाला नंतर सांगितलं. मला काही अडचण नव्हती. अडचण होती कोमलच्या आजीला. धर्मीबाई तिचं नाव. माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची आणि तोंडानं माझ्याहून जास्त. तिचं म्हणणं असं की ढाणकीकडचे लोक बोलायले पोतंभर आणि द्यायले मूठभर. त्यात ती मुलगा पाहायला आमच्या घरी आली तेव्हा माझ्या सुनेनं, सुनीतानं, तिला अर्धा कप चहा दिला. (शहरात तसाच देतात म्हणे.) धर्मीबाईनं कप तिरपा करून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "बाकीचा लग्नात देता का?"

तरी आकाशनं आणि कोमलनं मिळून तिला कसंबसं राजी केलं. राजी म्हणजे काय, ती म्हणाली, "येऊ द्या. पाहू काय आणतात."

आमच्यात मुलाकडचे लोक मुलीच्या तांड्यात सामान घेऊन जातात. तिथला नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याच्यासमोर आणि सगळ्या लोकांसमोर ते सामान एकेक करून उघडून दाखवायचं. मग नायक गुळाची भेली फोडून वाटतो. गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. गूळ खायच्या आधी मात्र कोणीही उठून जाऊ शकतं. म्हणजे सगळा खेळ बॅग उघडण्यापासून गूळ खाण्यापर्यंतचा. तेवढ्यात धर्मीबाई उठली तर आकाशचं लग्न गेलं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सामान मी स्वतः भरायला घेतलं.

सुनीता मला याडी म्हणते, म्हणजे आई. ती म्हणाली, "याडी, एकच मोठी बॅग नेऊ. चाकं हायेत तिले. ओढत नेता येते."

"ओझं ओढायचं नसते. लादायचं असते."

"लादता कोणावर? बैल कुठी हाये आपल्याकडं?"

"विजय हाये ना!" विजय म्हणजे माझा मुलगा आणि तिचा नवरा. तो तिथंच बसला होता. तो उठून शेताकडं निघून गेला. बैलही जातो.

मी दोन सारख्या कापडी बॅगा काढल्या. कापूस मोजायचा काटा आढ्याला टांगला. दोन्ही पारड्यांना एकेक बॅग लावली तर पहिली जड. त्यातलं थोडं काढून दुसरीत टाकलं तर दुसरी जड. नारळ इकडून तिकडं, नारळ तिकडून इकडं. सकाळपासून दुपार झाली, काटा काही मधोमध येईना. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जोडीची वस्तू देवानंच सारखी वाटून दिलेली असते! मी कायले डोकं फोडून राह्यली?

मग काय! एक पैंजण इकडं, एक तिकडं. एक चप्पल इकडं, एक तिकडं. बांगड्या अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. नायकाला द्यायची टोपी इकडं, दुपट्टा तिकडं. कोमलचं ब्लाऊज आणि परकर इकडं टाकलं, साडी तिकडं. ती साडी भारीतली, लाल, जरीकाठाची. तिच्या वजनाला वजन म्हणून धर्मीबाईसाठी घेतलेली साडी इकडं. गुळाची भेली मी वरवंट्यानं मधोमध फोडली. काटा असा सरळ उभा राहिला, जसा मास्तरसमोर पोरगा.

सुनीता दारात उभी राहून पाहत होती. "याडी, एक चप्पल इकडं अन् एक तिकडं काहून?"

"एक बॅग हरवली तं अर्धं सामान तरी राहीन."

"अर्ध्या चपलेचं काय करता?"

"तू भाकरी टाक."

सोयरिकीच्या दिवशी आमच्या तांड्यातली बाकी माणसं मोटरसायकलींवर पुढं गेली. आम्ही चौघं, म्हणजे मी, विजय, सुनीता आणि आकाश, रशीदभाईच्या जीपमध्ये. रशीदभाई ढाणकीचाच. त्याचं गॅरेजही आहे आणि जीपही आहे. जीप बिघडली की तो गॅरेज चालवतो आणि गॅरेज बसलं की जीप. त्यानं बॅगा हातात घेतल्या आणि म्हणाला, "अम्मा, दोनों एकदम बराबर है!" मी सुनीताकडं पाहिलं. सुनीतानं खिडकीबाहेर पाहिलं.

यवतमाळपर्यंत काही झालं नाही. यवतमाळ सोडून बाभुळगावच्या रस्त्याला लागलो आणि जीपच्या तोंडातून वाफ निघाली. रशीदभाईनं बोनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच सांगितलं, "पट्टा गया."

विजय म्हणाला, "किती वेळ लागन?"

"पट्टा मिला तो अभी चलते. नहीं मिला तो जीप भी यहीं, मैं भी यहीं."

इकडं आकाशचा जीव खालीवर. त्या दिवशी कोमलच्या तांड्याच्या नायकाला आणखी एका सोयरिकीला जायचं होतं. उशीर झाला तर तो निघून जाणार. नायक नाही तर गूळ नाही, आणि धर्मीबाईला तर निमित्तच पाहिजे होतं. तेवढ्यात लांबून एस.टी. येताना दिसली. मी तिथल्या तिथं ठरवलं. आम्ही तिघं एस.टी.नं पुढं जातो, विजय आणि रशीदभाई जीप घेऊन मागून येतील.

आकाशनं डिक्की उघडली. "दादी, कोणती बॅग घेऊ? दोन्ही घेऊ का?"

"दोन कायले? गर्दी हाये गाडीत. एक घे."

"कोणती?"

"कोणतीही घे. दोन्ही सारख्याच हायेत."

हे वाक्य मी बोलले. माझ्याच तोंडानं. सुनीता साक्षीला उभी होती आणि तीही काही बोलली नाही, हे मी तिला अजून ऐकवते.

एस.टी. थांबायच्या आत मी बॅग खिडकीतून आत फेकली. आतून आवाज आला, "ओ आजी! माणूस बसेल हाये इथी!"

"मंग उठ ना बाप्पा, बॅग आली!"

तो उठला. का उठला ते त्यालाही कळलं नसेल. मी ऐसपैस बसले आणि सुनीताला, ती उभी असल्यामुळं जरा मोठ्यानं, समजावून सांगितलं की चाकांची बॅग या खिडकीतून आत गेली असती का? नसती. एकच मोठी बॅग असती तर आज ती जीपबरोबर रस्त्यात पडली असती का? असती. "दोन बॅगा केल्या म्हणून आज रिकाम्या हातानं जायची पाळी नाही आली," मी म्हटलं. आजूबाजूच्या बायांनी माना हलवल्या. बाभुळगाव येईपर्यंत मी एवढी खूश होते की उतरताना कंडक्टरलाही दोन गोष्टी शिकवल्या.

तांड्यात पोचलो तेव्हा मांडव भरला होता. नायक आला होता आणि सारखा हातातल्या घड्याळाकडं पाहत होता. बाया गाणी म्हणत होत्या. धर्मीबाई मधोमध सतरंजीवर बसली होती, जसा सातबारा तिच्या नावावर आहे. कोमल आत खोलीत. पाण्याचे ग्लास फिरले, रामराम झाले आणि नायक म्हणाला, "चला बाई, दाखवा सामान. मले पुढं जायचं हाये."

सामान उघडायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा. मी पुढं सरकले, पदर खोचला आणि चेन ओढली.

सगळ्यात वर साडी होती. मी ती दोन्ही हातांनी उंच धरली. हिरवीगार, बारीक काठाची, म्हातारीला शोभेल अशी. गाणं थांबलं. मागून एक बाई म्हणाली, "पोरीले हे?"

"हे पोरीचं नाही, आजीचं हाये," मी घाईघाईनं सांगितलं.

धर्मीबाईनं विचारलं, "अन् पोरीचं?"

"येऊन राह्यलं मागून."

मग निघालं गुलाबी ब्लाऊज आणि परकर. धर्मीबाईनं परकर बोटाच्या टोकावर उचलला. "याच्यावर काय नेसायचं? टॉवेल?"

मी हात पुन्हा आत घातला. चप्पल लागली. बाहेर काढली. एक. तोपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं, पण हात थांबेना. एवढ्या लोकांसमोर हात घातल्यावर काहीतरी काढावंच लागतं. मी दुसरी चप्पल शोधल्यासारखं केलं. तळ चाचपला, कोपरे चाचपले, बॅग उलटी करून झटकली. ती चप्पल कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं.

"इहीणबाई," धर्मीबाई म्हणाली, "आमची पोरगी दोन पायाची हाये."

मांडवातली लहान पोरं हसली. मोठी माणसं अजून हसत नव्हती, ते जास्त वाईट होतं. मी पैंजण काढलं. एक. बांगड्या काढल्या, एका हाताच्या. नायकाची टोपी काढली. नायकानं ती घातली आणि दुपट्ट्यासाठी खांदा पुढं केला. खांद्यावर टाकायला काही नव्हतं. तो बराच वेळ तसाच खांदा पुढं करून बसला होता बिचारा. शेवटी निघाला अर्धा गूळ. फोडलेली बाजू वर.

धर्मीबाईनं गुळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "हा तं रस्त्यातच खाऊन आणला!"

"नाही हो, बाकीचा दुसऱ्या बॅगेत हाये!"

"मी म्हणत नवती?" ती सगळ्या मांडवाकडं वळली. "बोलायले पोतंभर, द्यायले मूठभर! पहिले अर्धा चहा, आता अर्धी चप्पल. पोरगा तं पुरा आणला ना? उभा राह्य बाप्पा, पाहू दे!"

आकाश उभा राहिला. आणि ती बाई खरंच त्याच्या दोन्ही पायांकडं पाहून खाली बस म्हणाली!

मी म्हटलं, आता समजावून सांगितलं नाही तर सोयरीक जाते. "तुमचा गैरसमज होऊन राह्यला. हे असंच आणलं नाही. मी काटा लावून, वजन करून भरलं सामान!"

"वजन करून?" धर्मीबाईचे डोळे असे मोठे झाले! "आयका हो, आयका! आमच्या पोरीले द्यायचं सामान यायनं काट्यावर मोजून आणलं!"

चिकट म्हणून नाव ठेवलेल्या माणसानं काय बोलू नये, तर हेच. पण ते मला नंतर सुनीतानं सांगितलं.

आकाश म्हणाला, "दादी, मी बाबाले फोन लावतो, कुठपर्यंत आले विचारतो." त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. (हे स्पीकर ज्यानं काढलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.)

"विजय, थे दुसरी बॅग कुठी हाये?" मी ओरडून विचारलं.

"कोणती याडी? थे भंगाराची?"

"भंगाराची?"

"हो ना! जीप ओढायले दोर पाहून राह्यलतो म्हणून उघडली. एक चप्पल, एक पैंजण, अर्धा गूळ. म्हटलं याडीनं घरातलं टाकाऊ सामान रस्त्यात फेकायले घेतलं असन. एक साडी तेवढी कामाची निघाली."

"कोणत्या कामाची?"

"ट्रॅक्टरले जीप तिनंच तं बांधली! मस्त ओढून राह्यला. रशीदभाई म्हणत होता, भाई नई दिख रही है. मी म्हटलं, आमच्या याडीले नवंजुनं काही समजत नाही, तू बांध. आलोच पाह्य!"

फोन बंद झाला. मांडवातल्या सगळ्यांनी माना रस्त्याकडं वळवल्या. एक म्हातारा तेवढा शेजाऱ्याला विचारत होता, "काय बांधलं म्हणे?"

आणि आला! भाषण संपल्यावर टाळ्या याव्यात तसा बरोबर वेळेवर आला. पुढं ट्रॅक्टर, मागं जीप, आणि मधात कोमलची लाल जरीकाठाची साडी, पीळ देऊन दोरखंडासारखी ताणलेली. तिला ग्रीस लागलं होतं, धूळ लागली होती, मधात एक गाठही होती. पण तुटली नव्हती. दुकानदार म्हणाला होता साडी मजबूत आहे, तो खोटं बोलला नव्हता, एवढं मला सांगितलंच पाहिजे. जीपमधून विजय हात हलवत होता. त्याला वाटलं सगळा तांडा त्याच्या स्वागताला उभा राहिला आहे. ट्रॅक्टरवाला मांडवासमोर थांबला आणि ओरडला, "काकू, साडी सोडू का लग्नापर्यंत राहू देऊ?"

आता मात्र मोठी माणसंही हसली. एक धर्मीबाई सोडून.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, पण उठली. "नाही होत ही सोयरीक. नायक, तुमी जा तुमच्या कामाले. पाहुण्यायले जेवू घाला अन् लावून द्या. वरण वाढा, बट्ट्या नका वाढू. बट्ट्या दुसऱ्या गाडीनं येऊन राह्यल्या म्हणा!"

विजय जीपमधून उतरून दुसरी बॅग घेऊन धावत आला, चप्पल हातात धरून. "हे पाह्य ना, सापडली दुसरी!" जसा तो दिल्ली जिंकून आला. नायक म्हणाला, "बाई, बसा जरा, आता तं पुरं सामान आलं." धर्मीबाई म्हणाली, "साडी?" नायकानं साडीकडं पाहिलं आणि टोपी सारखी केली. आमची माणसं उठून चपला शोधायला लागली. आकाश जागेवरच होता. रोज लोकांना सुया टोचणारा माणूस, पण तोंड असं, जशी सगळ्यांच्या वाट्याची सुई त्यालाच टोचली. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहून काय करणार होते? काटा तर मीच लावला होता.

तेवढ्यात कोमल खोलीतून बाहेर आली. घरातल्या साध्या ड्रेसवर, कारण नेसायची साडी तर रस्ता पुसत आली होती. ती कोणाकडं न पाहता सरळ सतरंजीवर आली. खाली बसली. गुळाचा तो अर्धा खडा दोन्ही हातांनी उचलला आणि कचकन चावा घेतला.

"कोमल!" धर्मीबाई किंचाळली. "अवं काय केलं हे!"

"काय केलं?" कोमल भरल्या तोंडानं म्हणाली. "सकाळपासून उपाशी बसवलं मले. गूळ खाल्ल्याबिगर जेवायचं नाही म्हणे. तुमचं होईन भांडण अन् माहा जीव जाईन!" आणि दुसरा चावा घेतला.

"नायकाच्या हातचा खायचा असते थो!"

"मंग घ्या ना नायकबाबा, तुमी पण खा." तिनं खडा पुढं केला.

नायकानं घड्याळ पाहिलं. पुढच्या सोयरिकीला त्याला उशीर झालाच होता. त्यानं गुळाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "गूळ खाल्ला. सोयरीक झाली. कोणी आधी खाल्ला, कोणी नंतर, पोटात गेल्यावर सगळं सारखंच." बाकीच्या लोकांना काय, गूळ फिरला तसा त्यांनी खाल्ला. धर्मीबाईच्या हातावर कोमलनंच तुकडा ठेवला. धर्मीबाईनं तो बराच वेळ हातात धरला, विरघळायला लागला तेव्हा खाल्ला. (दुसरा अर्धा गूळ विजय आणि रशीदभाईनं ट्रॅक्टरवाल्याबरोबर रस्त्यात संपवला होता, हे त्या दिवशी आम्ही कोणाला सांगितलं नाही.)

मग कोमलनं आजीचीच हिरवी साडी नेसली आणि आत आमचं गुलाबी ब्लाऊज घातलं. फोटो आहेत. पिकल्या पेरूसारखी दिसते, बाहेरून हिरवी आणि आतून गुलाबी. दोन्ही पैंजणं तेवढी वेळेवर भेटली.

जेवणं झाली, बट्ट्याही मिळाल्या. निघायच्या वेळी धर्मीबाईनं नायकाला थांबवलं आणि सगळ्यांसमोर एक अट घातली. "लग्न करू. हुंडाबिंडा नाही, मानपान नाही, आमचं काही म्हणणं नाही. एकच सांगते. लग्नाच्या दिवशी या बाईनं सामानाले हात लावायचा नाही. हिच्या हातात एक पिशवी जरी दिसली तं वरात वेशीवरून परत!"

नायक म्हणाला, "मंजूर हाये का?"

माझ्याकडं कोणी पाहिलंच नाही. विजय, सुनीता, आकाश, तिघंही एकदम म्हणाले, "मंजूर!" रशीदभाईनंही हात वर केला, त्याचा काय संबंध होता कोण जाणे.

लग्न कापूस निघाल्यावर, थंडीत झालं, त्यांच्याच तांड्यात. सामान सुनीतानं भरलं, तिच्या त्या चाकांच्या मोठ्या बॅगेत. काही म्हणजे काही विसरली नाही, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मी हात हलवत गेले, मयतीला जातात तशी. वरात वेशीवर पोचली, बँड थांबला, धर्मीबाई ओवाळायला ताट घेऊन समोर आली. नवरदेवाला ओवाळायच्या आधी तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या कमरेवर बोट ठेवलं.

"हे काय हाये?"

"तंबाखूची चंची हाये. कमरेलेच राहते नेहमी."

"हातात धरा का कमरेले बांधा, सामानच ना? उघडा."

"इहीणबाई, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. उघडा."

मागं सगळी वरात उभी. बँडवाले तोंडाला बाजा लावून थांबलेले. नवरदेव घामाघूम. मी कमरेची चंची सोडून दिली. धर्मीबाईनं तिचा एक कप्पा उघडला, बोट घालून पाहिलं. दुसरा कप्पा उघडला, तिथंही बोट घातलं. चिमटीत धरून वास घेतला. मग मांडवाकडं वळून मोठ्यानं ओरडली, "तंबाखू हाये, अन् चुना बी हाये! पुरं सामान हाये बाप्पा! येऊ द्या वरात!"